वरण-भात, वर तूप

आमच्या शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायची पद्धत नव्हती. गुरुजी नाव घेत, आणि ज्याचं नाव त्यानं उभं राहून काल रात्री काय जेवलो ते सांगायचं.

“पांडुरंग?”

“नाचणीची भाकर, सुकटीचं कालवण.”

“सखू?”

“भात आन् कुळथाचं पिठलं.”

“गणपत?”

“भाकर.”

“भाकर आणि?”

“आन् मीठ.”

गुरुजी मान हलवत आणि पुढचं नाव घेत. पोरं सवयीनं सांगून खाली बसत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दारात उभी होते, नेमणुकीचा कागद हातात होता आणि पायातल्या चपला चिखलानं भरल्या होत्या. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. पोलादपूरहून उमरठकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडून द्यायची, पुढे ओढा ओलांडून चालत यायचं. दोन खोल्यांची शाळा, शिक्षक एकच, आणि आता दुसरी मी. मला वाटलं, सरकारनं मला वेड्याच्या हाताखाली धाडलंय. पुढे कितीतरी दिवस माझं हे मत बदललं नाही.

मी महाडची. आमच्या घरी पोरींना पहिलं काय शिकवलं असेल तर हे, की घरात काय शिजलं ते बाहेर सांगायचं नाही. चांगलं शिजलं असेल तर दृष्ट लागते, आणि नसेल शिजलं तर तो घरातला मामला. इथे तर रोज सकाळी सगळ्या वाडीच्या चुली उघड्या पडत होत्या. मी एकदा गुरुजींना म्हटलं, “पोरांना अवघड वाटत असेल हो.” तर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले.

“बाई, पोट रिकामं असलं तर पाढे कुठं ठेवायचे पोरानं?” ते म्हणाले. “भूक ही लाजायची गोष्ट नाही. ज्यानं लपवली त्याला कोण वाढणार?”

हे वाक्य त्यांचं ठेवणीतलं. पालकांना, साहेबांना, मला, सगळ्यांना ते हेच ऐकवायचे.

दिसायला उंच, वाळके. धोतर, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि त्या कोटाचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. नवीन माणसाला वाटावं, खडू असतील. खिशांत पाला असायचा. शेवग्याचा, टाकळ्याचा, कुर्डूचा, बांधावर जो मिळेल तो. शाळेत येताना आणि जाताना ते वाकत वाकतच चालायचे. इकडे शेवग्याचा पाला खातात तो गोकुळाष्टमीला. गुरुजींची अष्टमी बारा महिने चालायची. शाळेच्या मागे त्यांनी ओळीनं शेवगे लावले होते आणि त्यांच्या फांद्यांना कोणी झोके घेतले तर ते खरोखरच संतापायचे. वाडीत त्यांना सगळे ‘पालेवाले गुरुजी’ म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं थोडं आवडतही होतं.

शाळेत सरकारकडून गव्हाचा जाडा भरडा यायचा, पोत्यांतून, आणि बरोबर तेलाचे डबे. त्याची लापशी शिजवून दुपारी पोरांना वाढायची. जो शाळेत हजर, त्यालाच मिळणार. घरी न्यायची नाही, असा नियम होता. इतर शाळांमध्ये ती लापशी पांढरी असायची. आमची हिरवी. पाला बारीक चिरून, तेलावर परतून तिच्यात ढवळला जायचा, कधी मूठभर कुळीथ, कधी कुणाच्या परसातला भोपळा. एकदा तालुक्याहून साहेब आले. त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, “हे हिरवं काय पडलंय?” गुरुजींनी उत्तर न देता त्यांच्यापुढे ताट ठेवलं. “आधी खा साहेब, मग शेरा लिहा.” साहेबांनी घड्याळ दाखवलं, गाडीची वेळ सांगितली. गुरुजी दारातच उभे राहिले. साहेबांनी ताट संपवलं. शेरा काय लिहिला ते मला आठवत नाही, पण नंतर ते पुन्हा आले ते जेवणाच्या वेळेलाच.

पंगत एकच. वरच्या वाडीची मराठ्यांची पोरं, खालच्या बौद्धवाडीची पोरं, सगळी हजेरीच्या क्रमानं बसायची, आणि मधे कुठेतरी गुरुजी. सुरुवातीला वरच्या वाडीतून कुरबुर झाली म्हणे. गुरुजी स्वतः वरच्याच वाडीतल्या भाऊबंदांपैकी. त्यांनी वाद घातला नाही, फक्त हजेरीचा क्रम मोडला नाही.

चहाशी त्यांचं उभं वैर होतं. कुणाच्याही घरी गेलो आणि चहा पुढे आला, की ते कप हातानं मागे सारायचे. “चहा म्हणजे भुकेला फसवायचं पाणी,” असं यजमानाच्या तोंडावर म्हणायचे. “त्यापेक्षा पेज असेल तर द्या.” पोरांना सकाळी कोरा चहा पाजून शाळेत धाडणाऱ्या आयांना ते रस्त्यात गाठून बोलायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मला मात्र त्यांच्याबरोबर कुणाकडे जायचं म्हटलं की धसका बसायचा.

या माणसात एक मोठी उणीव होती, आणि ती कळायला मला वर्ष लागलं. त्यांना खोटं ओळखता येत नसे. भुकेबद्दल कुणी खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

कांता बौद्धवाडीतली. तिसरीत होती. अंगानं काडी, पण केस तेल-पाणी लावून चापून बसवलेले, झगा फाटला तिथे ठिगळ लावून नीट केलेला. बाप मुंबईला गेला होता आणि बरेच दिवस त्याचा पत्ता नव्हता. आई दुसऱ्यांच्या लावणीला जायची. एक धाकटा भाऊ, अजून शाळेत न घातलेला. तिचं नाव आलं की ती ताठ उभी राहायची आणि स्पष्ट आवाजात सांगायची, “वरण-भात. वर तूप.”

“वा,” गुरुजी म्हणायचे. रोज. मनापासून.

कधी तुपाच्या जागी लोणचं यायचं, कधी वरणाच्या जागी आमटी. पण तांदूळ आणि डाळ सुटली नाही. सगळ्या शाळेत तिच्याइतकं चांगलं जेवणारं पोर नव्हतं. मला शंका यायची. मी ती बोलून दाखवली तेव्हा गुरुजी म्हणाले, “पोर कशाला खोटं सांगेल? तिला काय मिळणार त्यात?”

त्या पावसाळ्यात शाळेची तपासणी करायला सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. शाळा सुटायच्या वेळेला, आभाळ भरून अंधारलं असताना, कांता भिंतीला हात लावून चालते हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी तिला पुढे केलं. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या, तोंडात औषध घातलं आणि आम्हा दोघांना बाजूला घेतलं. “रातांधळेपणा आहे,” ते म्हणाले. “औषध दिलंय, पण नुसत्या औषधावर राहू नका. हिला पालेभाजी, तेल, पोटभर अन्न मिळालं पाहिजे. दुर्लक्ष झालं तर डोळे जातील.”

पालेभाजी, तेल आणि पोटभर अन्न तिला मिळत होतं, ते आमच्या हिरव्या लापशीत. दिवसातून एकदा, शाळेत आली तर. दुसरं कुठे मिळत असेल असं मला वाटत नव्हतं.

गुरुजी मात्र चक्रावले. दुसऱ्या दिवशी हजेरीला कांतानं “वरण-भात, वर तूप” म्हटल्यावर त्यांनी पुढचं नाव घेतलंच नाही.

“तू तर रोज तूप खातेस,” ते म्हणाले. “मग डोळ्यांना असं का झालं?”

कांता ताठ उभीच राहिली. तिच्या मागे शेजारच्या घरातला एक पोरगा बसायचा. तो बसल्या जागेवरून म्हणाला, “खोटं बोलते गुरुजी. त्यांची चूल काल पेटलीच नाय. आमच्याकडून इस्तव पन न्हेला नाय.”

पोरं हसली. सगळी नाही. काही खाली बघत राहिली, आणि ती कोण ते मला आजही सांगता येईल.

त्या वेळी गुरुजींनी गप्प बसायला हवं होतं, किंवा त्या पोराला दटावायला हवं होतं. पण ते उठून कांताजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “त्यात लाजायचं काय, बाळ? भूक ही लाजायची गोष्ट नाही.” आणि दुपारी पंगतीत तिच्या ताटात स्वतःच्या हातानं दुप्पट लापशी वाढली, वरून तेलाची धार धरली. त्यांच्या मनात माया सोडून काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण सगळी पंगत तिच्या ताटाकडे बघत होती. कांतानं हात मांडीवर ठेवले. पंगत उठली तरी ते तसेच होते.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

गुरुजींनी वाट पाहिली. तिच्या नावापाशी आले की ते थांबायचे, दाराकडे बघायचे. लावणीचे दिवस, घरोघरच्या धान्याच्या कणग्या रिकाम्या व्हायचा काळ. शाळेत आली नाही म्हणजे लापशी नाही, आणि घरी न्यायची तर नियमात बसत नाही. तरी एकदा गुरुजींनी नियम मोडून, डबा भरून शेजारच्या पोराबरोबर पाठवला. डबा संध्याकाळी तसाच परत आला, झाकण न उघडता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

“बाई, तुम्ही येता का माझ्याबरोबर?” त्यांनी विचारलं. “मी एकटा गेलो तर ती माय दार उघडायची नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. पाऊस उघडला होता. ओढ्याला पाणी होतं म्हणून वळसा घालून गेलो, तोवर दिवे लागायची वेळ झाली. कांताची आई नुकतीच शेतावरून आली होती, पायांचा चिखलही धुतला नव्हता. तिनं दार अडवलं नाही. घोंगडी झटकून अंथरली. “बसा,” म्हणाली. कांता कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. आम्ही कुठे बसलोय ते तिला आवाजावरूनच कळत असावं, कारण तिचा चेहरा आमच्या जरा बाजूला वळलेला होता.

गुरुजींनी बोलायला सुरुवात केली. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं.

“गुरुजी, तुमी मानूस चांगलं हायसा,” ती म्हणाली. “पन तुमी रोज इचारता. पोर घरी येऊन मला म्हनते, आये, उद्या काय सांगू? आमी दोघी रातच्याला बसून ठरवायचो, उद्या काय जेवलो म्हनून सांगायचं त्ये. उपाशी पोटी. आमटी म्हनू का वरान म्हनू. तूप तिनं घातलं, मी नाय.”

गुरुजींचे हात कोटाच्या खिशांत गेले आणि तिथेच राहिले. त्यांना असं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मग बाई उठली. जेवणवेळेला दारात आलेला माणूस तसाच जाऊ द्यायचा नाही, ही रीत त्या घरालाही होती. मी “नको, नको” म्हणेपर्यंत तिनं चुलीपाशी झाकलेलं उघडलं. दोन भाकऱ्या होत्या, आणि वाटीभर सुकटीचं कालवण. तिनं एक भाकरी गुरुजींच्या पुढे ठेवली, एक माझ्या. कालवण दोन्हीकडे वाढलं. कालवणाची तवली तिनं पालथी घातली, तेव्हा मला कळलं की तिच्यात आणखी काही नाही. धाकटा पोरगा ताटांकडे बघत होता आणि आई त्याच्याकडे बघत नव्हती.

“आमच्या घरचं चालंल ना, गुरुजी?” तिनं विचारलं.

खाल्लं तर लेकरांच्या तोंडचं खाल्लं. ताट सारलं तर वरच्या वाडीच्या माणसानं बौद्धवाडीचं अन्न सारलं, आणि तेही शाळेत एकच पंगत बसवणाऱ्या गुरुजींनी.  मी गुरुजींकडे पाहिलं. कोटाची बाही मागे सारून त्यांनी हात धुतला. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा तुकडा मोडून हातात धरला.

“ये गो कांता,” ते म्हणाले. “मला एकट्याला जेवण जात नाही. माझी आई मला ताटात घेऊनच जेवायची, तीच खोड लागलीय. बस इथं.”

कांता आईकडे वळली.  मग ती भिंत धरत धरत आली आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. गुरुजींनी घास तिच्या तोंडात घातला. मी धाकट्याला ओढून मांडीवर घेतलं. गुरुजींचा एक घास तिला, एक स्वतःला, असं दिसायला दिसत होतं, पण त्यांचे स्वतःचे तुकडे नखाएवढे होते. बाई हे सगळं बघत होती. न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तिनं पाठ फिरवली, चुलीतली विझलेली लाकडं उगाच मागेपुढे केली, आणि पदरानं तोंड पुसलं.

आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. “उद्यापास्नं धाडते,” ती म्हणाली. “पन इचारू नका.”

“नाही विचारणार,” गुरुजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर बांधाला टाकळा माजला होता. गुरुजी एकदाही वाकले नाहीत. ओढ्याजवळ आल्यावर म्हणाले, “मला वाटायचं, मी विचारपूस करतोय. मी रोज त्या पोरांना कबुलीजबाब द्यायला उभं करत होतो, बाई.”  मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की पहिल्या दिवसापासूनचा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

सकाळी हजेरीला पांडुरंग नेहमीसारखा उठला आणि म्हणाला, “भाकर, कालवण.”

“आजपासून हजर म्हणायचं,” गुरुजी म्हणाले.

पोरांची जीभ काही वळेना. कितीतरी दिवस “हजर, भाकर” असंच चालू होतं. कांताचं नाव आलं तेव्हा पोरं वळून बघायला लागली. ती उठली. “हजर,” म्हणाली, आणि बसली.

त्यानंतर गुरुजींनी नवीनच खूळ काढलं. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी बांधावर जायचं आणि मूठभर पाला घेऊन यायचा. ज्याच्या घरी कणगी भरलेली त्यानंही, आणि ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्यानंही. कुणाच्या मुठीतला पाला कुठला ते पातेल्यात पडल्यावर ओळखू येत नसे. आणि पंगतीत गुरुजींनी स्वतःचं ताट घेणं सोडून दिलं. आज याच्या शेजारी, उद्या तिच्या शेजारी, त्याच ताटात. वरच्या वाडीत पुन्हा कुरबुर झाली. ती त्यांनी पुन्हा ऐकून घेतली. ‘भूक ही लाजायची गोष्ट नाही’ हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून मी नंतर कधीच ऐकलं नाही.

डॉक्टर औषध द्यायला पुन्हा आले होते. भातकापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी कांताला ओढ्याच्या दगडांवरून पलीकडे जाताना पाहिलं. कडेवर धाकटा होता, आणि मोकळा हात काहीच चाचपत नव्हता. मी धावत जाऊन गुरुजींना सांगितलं. ते शेवग्याला आळं करत होते. त्यांनी मान खाली घातली आणि झालेलं आळं पुन्हा उकरायला घेतलं.

पुढे माझी बदली महाडला झाली, त्यांची निवृत्ती. ते एकटेच होते, पुतण्याच्या आधारानं महाडला आले. पुतण्या औद्योगिक वसाहतीत कामाला, पाळ्या बदलत्या, त्याचं कुटुंब पलीकडच्या चाळीत. गुरुजींनी वेगळी खोली घेतली होती. कुणाच्या संसारात नको, म्हणायचे. मी कधी सणाला जायचे, कधी विसरायचे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा एकदा शाळेतून घरी परतताना सहज त्यांच्याकडे वळले. दुपारची माझी बैठक लांबली होती, डबा पिशवीत तसाच राहिला होता.

ते खाटेवर बसले होते. कोट अंगात होता, खिसे सपाट. हात थरथरत होते. एवढे, की नमस्काराला न जोडता त्यांनी ते मांडीखाली दाबून ठेवले. स्टोव्हवर एकच पातेलं होतं. त्याच्या तळाला चहाची पूड वाळली होती. खाटेखाली चहाचा ग्लास होता, शेजारी खारीचे दोन तुकडे. मी इकडेतिकडे पाहिलं. पीठ नव्हतं, तांदूळ नव्हते, पाला तर नव्हताच. चहाचा कप हातानं मागे सारणारा माणूस तो हाच.

“गुरुजी,” मी म्हटलं, “काय जेवलात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाठ ताठ केली.

“वरण-भात,” ते म्हणाले. “वर तूप.”

बाहेर कुणाची तरी सायकल गेली.  मी पिशवीतून डबा काढला, स्टोव्हशेजारचं ताट पुसून घेतलं आणि खाटेवर आमच्या दोघांच्या मधे ठेवलं. भाकरी होती, आणि घरच्या शेवग्याच्या पाल्याची भाजी.

“मला भूक लागलीय,” मी म्हटलं, “आणि एकटीला जेवण जात नाही.”

ते ताटाकडे बघत राहिले. त्यांना कळलं, हे मला कळलं. मग मांडीखालचा हात बाहेर आला. भाजीचा एक चिमटा त्यांनी उचलून डोळ्यांजवळ नेला.

“पाला बारीक चिरला नाहीत, बाई,” ते म्हणाले.

त्यांनी भाकरी मोडली. पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मग ते जेवायला लागले. दुसऱ्या दिवसापासून मी डबा दोघांचा नेऊ लागले. काय जेवलात ते मात्र पुन्हा कधी विचारलं नाही.